पडद्याचा प्रकाश आणि त्वचा

१/ मोबाइलच्या प्रकाशाने त्वचा बिघडते का? उत्तरासाठी जुन्या चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टर-खोलीत डोकवावे.

२/ झेनॉन दिवे येण्यापूर्वी अंधेरी-घाटकोपरच्या चित्रपटगृहांतला पडदा कार्बन आर्कच्या ज्योतीने उजळे. तिच्यात अतिनील किरण असत. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी आर्कच्याच प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार केले. १९०३चे नोबेल मिळवले. उघड्या ज्योतीने मात्र कातडी भाजे, डोळे सुजत.

३/ म्हणून ती लोखंडी पेटीत बंद असे. ऑपरेटर काळ्या काचेतून पाही. प्रेक्षकांना मिळे तो भिंगांतून गाळलेला, पडद्यावरून परतलेला प्रकाश.

४/ मोबाइलमधून अतिनील किरण जवळजवळ निघत नाहीत. निळा प्रकाशही उन्हाच्या तुलनेत अत्यल्प. त्वचेने धास्ती घ्यावी ती बोरिवलीच्या फलाटावरील दुपारच्या उन्हाची.