नाणेघाटात न कोरलेले सूर

कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखरे मागे टाकलं की नाणेघाटाची पायवाट लागते. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा 2000 वर्षांहून जुना ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ, दान दिलेल्या गायी, कार्षापण, सगळं आकड्यांसकट कोरलंय. मंत्रांचे सूर मात्र नाहीत. ते टिकले पाठांतराने.

आणि अर्थ तर सुरातच! 'इंद्रशत्रु' म्हणजे 'इंद्राला मारणारा'. पण स्वर चुकला, 'इंद्र ज्याला मारणार तो' असा अर्थ झाला आणि वृत्रच मेला, अशी वैदिक कथा आहे. फारसीत 'मर्दी' म्हणताना 'मर्'वर जोर दिला तर 'एक माणूस', 'दी'वर दिला तर 'मर्दानगी'. लिहायला दोन्ही सारखंच. मराठीत सूर वाक्य फिरवतो: 'आला.' आणि 'आला?' फारसी 'आमद'चंही तेच. मोडीत प्रश्नचिन्हच नव्हतं. मराठीत विरामचिन्हं रुजवली 19व्या शतकात मेजर कँडीने.

पण फारसीतूनच आलेलं आपलं 'शाबास' कौतुक आहे की टोमणा, हे सांगणारं चिन्ह अजून नाही. तेव्हा मंडळी, भांडण मिटवायचं असेल तर मेल नको, सरळ फोन करा!