जहाजबांधणीतील उत्पादन नियोजन व सदृशीकरण

जहाजबांधणीतील उत्पादन नियोजन व सदृशीकरण : जहाजाचे कोणते भाग, कोणत्या क्रमाने, कोठे व किती मनुष्यबळाने बांधावयाचे हे ठरविणे म्हणजे उत्पादन नियोजन होय. अशी योजना अंमलात आणण्यापूर्वी तिची प्रतिकृती संगणकावर चालवून संभाव्य परिणाम अजमावणे, यास सदृशीकरण म्हणतात. मोटारीच्या कारखान्यात एकाच नमुन्याचे हजारो नग निघतात व पहिल्या नगांतील चुका पुढे सुधारता येतात. जहाजांच्या बाबतीत मात्र एका आराखड्यावरून बहुधा मोजकीच जहाजे बांधली जातात. कित्येकदा नमुना आणि माल एकच असतो. चूक आधी कळावी ही निकड या उद्योगात म्हणूनच अधिक तीव्र आहे.

लाकडी जहाजांच्या काळात योजना प्रमुख कारागिराच्या अनुभवात साठविलेली असे. मुंबईच्या गोदीतील वाडियांसारख्या घराण्यांत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. लोखंडी व पोलादी जहाजांबरोबर पत्रे, नळ, यंत्रे व कारागीर यांची संख्या इतकी वाढली, की एका माणसाला ती डोक्यात ठेवणे अशक्य झाले. पहिल्या महायुद्धात हेन्री गँट यांचे कालदर्शक तक्ते अमेरिकेतील जहाजबांधणीच्या कामी वापरण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात रिव्हेटांऐवजी वितळजोडकाम आले आणि जहाजाचे मोठे खंड अन्यत्र तयार करून ते यारीने बांधणीच्या जागी आणून जोडता येऊ लागले. या पद्धतीने अमेरिकेत २,७०० हून अधिक ‘लिबर्टी’ जहाजे बांधली गेली. त्यांपैकी ‘रॉबर्ट ई. पिअरी’ या जहाजाचे जलावतरण नोव्हेंबर १९४२ मध्ये, कणा बसविल्यापासून पाच दिवसांच्या आत झाले. या विक्रमाचा गवगवा पुष्कळ झाला. तथापि खंड आधीच तयार करून ठेवण्यात गेलेला वेळ या हिशेबात धरलेला नव्हता. श्रम नाहीसे झाले नव्हते, त्यांची जागा बदलली होती.

ही पद्धती युद्धानंतर जपानमध्ये पूर्णत्वास गेली. कुरे येथील माजी नौदल कारखाना १९५१ मध्ये एका अमेरिकन जहाज कंपनीने भाड्याने घेतला. तेथे अमेरिकेच्या युद्धकालीन कारखान्यातील अनुभव असलेले एल्मर हान आणि जपानी अभियंते शिंतो हिसाशी यांनी खंडशः बांधणी व ती चालू असतानाच नळ आणि इतर सामग्री बसविणे यांची सांगड घातली. १ लाख टनांहून अधिक भारवहन क्षमतेचे पहिले तेलवाहू जहाज येथेच तयार झाले. १९५६ मध्ये जपान जहाजबांधणीत जगात अग्रस्थानी आला.

खंड जितके अधिक, तितकी त्यांची आपसांतील गाठ अवघड. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्र योजनेसाठी वापरलेल्या ‘पर्ट’ जालपद्धतीत प्रत्येक कामाचा अंदाजी अवधी व क्रम मांडता येई. परंतु दोन खंड एकाच यारीसाठी खोळंबले, तर काय होईल, हे तीत सहज उमगत नसे. नॉर्वेत १९६० च्या दशकात तयार झालेल्या ‘ऑटोकॉन’ आज्ञावलीने जहाजाच्या आकाराचे व पत्रे कापण्याचे गणित संगणकाकडे सोपविले. वेळेचे गणित राहिले. त्याच देशात, त्याच दशकात क्रिस्तेन न्यूगार्ड व ओले-योहान दाल यांनी सदृशीकरणासाठी ‘सिम्युला’ ही भाषा रचली.

असतत घटनांच्या सदृशीकरणात प्रत्येक पत्रा, खंड, यारी, जोडकाम विभाग व कामगारांचा गट यांस स्वतंत्र घटक मानतात. घड्याळ एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारते. रंगकामाच्या दालनातील एक खंड अडला, तर मागचे खंड कोठे साचतील व त्यांना ठेवण्यास जागा उरेल काय, हे त्यावरून दिसते. पावसासारख्या अनिश्चित गोष्टींसाठी तीच योजना अनेकदा चालवितात. नियोजन स्वयंचलित करावयाचे, तर दुसरी आज्ञावली क्रम बदलत राहते आणि प्रत्येक क्रमाची परीक्षा प्रतिकृतीवर होते.

जर्मनीतील फ्लेन्सबुर्ग येथील १८७२ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या तंत्राचा विशेष पाठपुरावा केला आणि जहाजबांधणीसाठी पुन्हापुन्हा वापरता येतील अशा प्रतिकृति-घटकांचा संच तयार केला. प्रतिकृती रचण्यापेक्षा तिला खरी माहिती पुरविणे कठीण असते: एका सांध्याला वास्तविक किती तास लागतात, हे मुकादमास ठाऊक असते, पण बहुधा नोंदवहीत नसते. नोंदी अंदाजाच्या असतील, तर उत्तरही तसेच येते. मात्र पडद्यावर ते अचूक भासते. शिवाय मागणी व भांडवल या गोष्टी प्रतिकृतीच्या बाहेरच्या आहेत. फ्लेन्सबुर्गच्या कारखान्यावर २०२० व २०२४ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही ओढवली.

मुंबईच्या माझगाव गोदीत आधुनिकीकरणाच्या योजनेत मोठे खंड छपराखाली बांधण्याची कर्मशाळा व ३०० टन क्षमतेची यारी उभारण्यात आली. सामग्रीसह खंड तयार करून जोडण्याच्या एकात्मिक पद्धतीने तेथे बांधलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली.