८२वा खेळाडू
अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक निवडताना आपण चाहते आधी लांब फेकणारा हात बघतो. मीही बघतो. १९६९मध्ये सिनसिनाटी बेंगल्सना असा हात मिळाला होता, ग्रेग कुकचा. पहिल्याच मोसमात त्याचा खांदा गेला. करिअर जवळपास तिथेच संपलं. पुढच्या वर्षी आला व्हर्जिल कार्टर. डोकं तल्लख, फेक आखूड. मग सहायक प्रशिक्षक बिल वॉल्शने आक्रमणच बदललं: छोटे, अचूक वेळेचे पास आणि मैदानाची अख्खी रुंदी. (हार्डवेअर कमी पडलं म्हणून कोड नव्याने लिहिला, असं आम्ही म्हणू.) १९७९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य प्रशिक्षक झाल्यावर त्याने जो मोंटानाला घेतलं ते तिसऱ्या फेरीत, ८२वा. जानेवारी १९८२चा सुपर बोल त्यांनी २६-२१ असा जिंकला. समोर बेंगल्सच होते.