दाढेतली चांदी

जळगाव सोन्यासाठी प्रसिद्ध. पण आमच्याकडची जुनी माणसं 'दाढेत चांदी भरली' म्हणतात, ती चांदी सराफाकडची नव्हे. तिच्यात जवळपास निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील, तांबं.

त्याआधी युरोप-अमेरिकेत पैसेवाले सोन्याचा वर्ख ठासून दात भरून घेत. गरिबांचा दात उपटला जाई. १८३०च्या दशकात हे स्वस्त मिश्रण न्यूयॉर्कला पोचलं. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने सभासदांकडून ते न वापरण्याची शपथ लिहून घेतली. १८५६ मध्ये संघटनाच मोडली, चांदी मात्र टिकली. आता २०१३च्या मिनामाता करारामुळे पाऱ्याचा वापर कमी होतोय.

मला यात मुख्य प्रश्न पैशाचाच दिसतो, आणि तो आजही तोच आहे. पांढरं कॉम्पोझिट महाग, कारण दाढ कोरडी ठेवून थर देत, प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करावा लागतो. ग्लास आयोनोमर स्वस्त, पण चावून लवकर झिजतं. आणि कीड नसेपर्यंत गेली की नुसतं भरून भागत नाही. रूट कॅनाल, वर कॅप, खर्च कितीतरी पट. म्हणून जळगाव असो की धुळे, दाढ ठणकायची वाट न बघता डॉक्टरांना विचारा: कीड किती खोल आहे, काय भरणार, किती पैसे?