हौशी बिनतारीवाले आणि त्यांची यंत्रे

रेडिओ बोलतो आणि आपण ऐकतो. मध्येच त्याला थांबवून, "अहो, हे जरा पुन्हा सांगा," असे म्हणायची सोय नाही. पण याच रेडिओच्या कुळात एक शाखा अशी आहे की जिच्यात ऐकणाराही बोलतो आणि बोलणाराही ऐकतो. पोलिसांची, फौजेची, जहाजांची बिनतारी यंत्रे तशीच. पण आज मी सांगणार आहे ते या सरकारी यंत्रांविषयी नव्हे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चाने, कसलाही मोबदला न घेता बिनतारी यंत्र चालवणारी हौशी माणसे जगभर आहेत. इंग्रजीत त्यांना 'हॅम' म्हणतात. त्यांची गोष्ट आणि त्यांच्याइतकीच त्यांच्या यंत्रांची गोष्ट आज सांगायची आहे. कारण यंत्र कुठे तयार होते, यावरच या छंदाचे नशीब पुष्कळदा ठरत आलेले आहे.

माझी स्वतःची ओळख झाली ती कबनूरला, शाळकरी वयात. आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. दिवसा आजूबाजूचे माग चालू असले की त्यात खरखरीपलीकडे फारसे काही उमटत नसे. मोटारींच्या ठिणग्यांचा तो प्रताप. मागांना सुट्टी असे त्या दिवशी मात्र आकाश कसे निवळल्यासारखे वाटे. अशाच एका सुट्टीच्या सकाळी लघुलहरींच्या पट्ट्यावर एकेचाळीस मीटरच्या आसपास काटा फिरवताना एक गृहस्थ ऐकू आले. गाणे नाही, बातम्या नाहीत. ते आपल्या मित्राला सांगत होते की कालच्या वाऱ्याने एरियलचा बांबू मोडला, आणि मित्र विचारत होता की तार तरी शाबूत आहे का. मला फार नवल वाटले. रेडिओवर असल्या घरगुती गोष्टी बोलता येतात, हेच मुळी ठाऊक नव्हते. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, "असेल कोणी रिकामटेकडा." तो रिकामटेकडा कोण, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

आता थोडे मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्कोनीने बिनतारी संदेश समुद्रापार पाठवला आणि देशोदेशीची पोरे तारा, बाटल्या, पत्र्याचे डबे घेऊन ते प्रयोग घरी करू लागली. त्यांच्या कट्ट-कडकट्टमुळे जहाजांच्या संदेशांत व्यत्यय येऊ लागला, तेव्हा १९१२ साली अमेरिकेने कायदा करून या हौशी मंडळींना दोनशे मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकलले. त्या काळी तज्ज्ञांची समजूत अशी की लांब पल्ल्याला लांब लहर लागते. आखूड लहरी निरुपयोगी. म्हणजे गावाबाहेरचे पडीक रान द्यावे तसे हे झाले. पण मौज अशी की १९२१ च्या डिसेंबरात याच पडीक रानातून अमेरिकेतील हौशी लोकांचे संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडात ऐकू आले. पुढे कळले की आखूड लहरी आकाशातील विद्युत्भारित थरावर आपटून परत खाली येतात आणि अशा उड्या मारीत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचतात. त्या रानाचा भाव मग एकदम वाढला आणि मोठमोठी प्रक्षेपण केंद्रे तेथे जागा मागू लागली!

आपल्या देशात १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी हौशी केंद्र सुरू केले. तेथीलच मुकुल बोस हेही त्याच सुमाराचे. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम ध्वनिक्षेपित केला. म्हणजे आपल्याकडे सरकारी आकाशवाणीच्या अगोदर हौशी मंडळीच हवेत बोलू लागली होती. त्यांची यंत्रे कुठली? व्हॉल्व्ह विलायतचे किंवा अमेरिकेचे. बाकी गुंडाळ्या, लाकडी पेटी, स्विच, एरियल हे सारे घरी केलेले. विकत आणलेला व्हॉल्व्ह जळला तर महिना-दोन महिने केंद्र बंद.

१९३९ साली महायुद्ध पेटले आणि सरकारने हौशी परवाने रद्द केले. आपली प्रक्षेपक यंत्रे पोलिसांकडे जमा करावीत, असा लेखी हुकूम निघाला. बहुतेकांनी ती जमा केली. पण ज्याने यंत्र आपल्या हाताने बांधले आहे, त्याच्याकडून पेटी काढून घेतली तरी विद्या कशी काढून घेणार? तीन वर्षांनी याची प्रचीती आली.

१९४२ च्या ऑगस्टात 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी रातोरात तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे सोबती यांनी गुप्त रेडिओ चालवायचे ठरवले. पैसे मिळतील, बोलणारे मिळतील, पण यंत्र कोण देणार? 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवानी यांनी साहित्याची व जाणकारांची मदत केली. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवणारी ती हीच पेढी. आणि यंत्र उभे करायला पुढे आले ते नरिमन प्रिंटर यांच्यासारखे हौशी बिनतारीवाले. ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण ती हौशी लोकांच्या जुन्या वहिवाटीचीच जागा होती. त्यांचा चाळीस मीटरचा पट्टा तो हाच. ज्या लहरीवर पूर्वी मित्रामित्रांच्या गप्पा चालत, तिच्यावरून आता चिमूरच्या अत्याचारांची हकीगत देशाला कळू लागली.

पोलिसांच्या गाड्या लहरीचा माग काढीत फिरत, म्हणून केंद्र एका जागी टिकत नसे. आज या इमारतीत, तर काही दिवसांनी दुसऱ्याच मोहल्ल्यात. शेवटी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी, कार्यक्रम चालू असतानाच, धाड पडली. उषाबेननी पुढे सांगितले आहे की यंत्राच्या जाणकारांपैकीच एकाने पोलिसांना जागा दाखवली. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांनी ती येरवड्यात भोगली. अवघे अडीच-तीन महिने चाललेले ते केंद्र. पण हाताने यंत्र बांधता येणे ही किती वजनाची गोष्ट आहे, हे त्यावरून दिसते. तसेच ते बांधणारा हात फिरला तर काय होते, हेही दिसते.

युद्ध संपले आणि हौशी मंडळींना दिवाळी आली, असे म्हणायला हरकत नाही. फौजेची लाखो बिनतारी यंत्रे निकामी ठरून भंगारात निघाली. मुंबईत चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत विमानातले, रणगाड्यातले संच रद्दीच्या भावाने मिळू लागले. त्यातले सुटे भाग पाहिले तर सारा भूगोल शिकवता येईल. ठरलेल्या लहरीवर यंत्र स्थिर ठेवणारा गारेचा स्फटिक ब्राझीलच्या खाणीतला. तो घासून काप करणारे कारखाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. आणि तो बसवला गेला हिंदुस्थानातल्या कोणा कारकुनाच्या माडीवर! '८०७' नावाचा एक व्हॉल्व्ह होता. त्या काळच्या हौशी माणसाच्या प्रक्षेपकात तो हमखास सापडे. १९४८ साली महू येथील सिग्नल्सच्या शाळेत हौशी लोकांचा क्लब स्थापन झाला. तोच पुढे दिल्लीला गेला आणि १९५४ पासून 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या वेळी देशात परवानेधारक थोडेच होते.

पुढे संख्या फारशी वाढली नाही. १९७० पर्यंत हजाराच्या आतच राहिली. याला एक कारण माहिती नसणे. दुसरे कारण यंत्राचे. साठीच्या दशकात बोलण्याची एक नवी रीत आली. जुन्या पद्धतीत आवाजाबरोबर एक मोठी वाहक लहर पाठवावी लागे आणि बरीचशी शक्ती तिच्यातच खर्ची पडे. नव्या पद्धतीत वाहक लहर गाळून आवाजाची फक्त एक बाजू पाठवतात. तेवढ्याच विजेत संदेश कितीतरी लांब जातो. घरातल्या साध्या रेडिओवर तो आवाज बदक बोलल्यासारखा ऐकू येतो. आमच्या कबनूरच्या रेडिओवरही पुढे बदकेच ऐकू येऊ लागली, ती यामुळे. परंतु अशा यंत्राला गाळणी फार बारीक लागते, मोजमाप काटेकोर लागते. भंगारातल्या सामानावर ते जमेना. तयार संच घ्यावा तर आयातकर डोईजड.

याच काळात जपानने हा धंदा हाती घेतला. त्याआधी उत्तम संच म्हणजे अमेरिकेच्या आयोवा प्रांतातल्या कॉलिन्सचा. किंवा ज्याला स्वतः जोडायचा असेल त्याला मिशिगनमधल्या हीथकिटची सुट्या भागांची पेटी मिळे. युद्धात होरपळलेल्या जपानात मात्र हौशी लोकांमधूनच कारखानदार निघाले. याएसू, आयकॉम, ट्रिओ म्हणजे पुढचा केनवुड, ही नावे जगभर झाली. अमेरिकेत ट्रक हाकणारे लोक आपसांत बोलण्यासाठी 'सिटिझन्स बँड'चे छोटे संच वापरतात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्यांचे वेड देशभर पसरले आणि तेही संच पुष्कळसे जपानातूनच येऊ लागले. १९७७ साली तेथे बोलण्याच्या वाटा तेवीसांवरून चाळीस केल्या. तेव्हा जुने संच दुकानात पडून राहिले. आपल्याकडे या सत्तावीस मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील पाच वॅटपर्यंतचे संच २००५ सालापासून परवान्यातून मोकळे आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते.

१९८४ साली राजीव गांधी पंतप्रधान झाले. ते स्वतः परवानेधारक हॅम; त्यांचे हवेतले नाव 'व्हीयू२आरजी'. हौशी यंत्रांवरील आयातकर त्यांनी माफ केला. संख्या भराभर वाढली. १९८० साली पंधराशे होते, ते २००० पर्यंत दहा हजारांवर गेले. हे चांगलेच झाले. किल्लारीचा भूकंप (१९९३) आणि भूजचा भूकंप (२००१) या वेळी तारा तुटल्या, टेलिफोन मुके झाले, तेव्हा ही माणसे आपली यंत्रे घेऊन धावली. २००४ च्या डिसेंबरात सुनामी आली त्या वेळी भारती प्रसाद नावाच्या हौशी बाई नेमक्या अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. त्यांच्या यंत्रावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या घरांना कळत राहिली. तयार, भरवशाचा संच हाताशी होता म्हणून हे शक्य झाले, हे नाकारून चालणार नाही.

पण मला एक खंतही वाटते. तयार पेटी आली आणि घरातले डाग देण्याचे टेबल ओस पडले. आता चीनच्या फुजियान प्रांतातल्या कारखान्यांतून मुठीत मावणारे संच इतके स्वस्त निघतात की त्यात काय आहे हे उघडून पाहण्याची गरजच कोणाला भासत नाही. मोडला की टाकला!

म्हणून हैदराबादच्या अशहर फरहान यांची गोष्ट मला मोलाची वाटते. २००३ साली त्यांनी 'बिट्एक्स' नावाच्या यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. सहा वॅटचे, चौदा मेगाहर्ट्झचे यंत्र. त्याची अट एकच, की साहित्य कोणत्याही भारतीय शहरातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळावे. गुंडाळी कशावर करायची हा प्रश्न आला, तेव्हा परदेशी चकत्या मागवण्याऐवजी त्यांनी नळाचे वॉशर वापरले! पुढे हे यंत्र जोडून विकण्याची सोयही हैदराबादेत झाली. तेथे गुंडाळ्या करतात त्या एका महिला गटातल्या बाया, आणि ती यंत्रे अमेरिका-युरोपातले हौशी लोक विकत घेतात. प्रवाह उलटा वाहिला म्हणायचा.

हे ऐकल्यावर मला कबनूर आठवल्याशिवाय राहत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हा ते यंत्र परकेच होते. आज मागाचा कोणताही भाग बिघडला तरी जॉबर गल्लीतच सापडतो. धोट्यासाठी कांड्या भरणाऱ्या बायकांची बोटे पाहा. समान ताण, वेटोळ्याला वेटोळे लागलेले, एकही फेरा दुसऱ्यावर चढलेला नाही. बिनतारी यंत्राच्या गुंडाळीला याहून निराळे कौशल्य लागत नाही. सुताऐवजी लाखेचा थर दिलेली तांब्याची तार, एवढाच फरक.

शिक्षकबंधूंसाठी दोन शब्द. परवान्याची परीक्षा बारा वर्षांच्या मुलालाही देता येते. तीत विजेचे व रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम विचारतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कट्ट-कडकट्टही यावी लागते. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याकडून मिळतो. बाजारात विनापरवाना मिळणारा वॉकीटॉकी मात्र शाळेने घेऊ नये. असे संच विकल्याबद्दल २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बड्या बड्या दुकानदारांना नोटिसा दिल्या आहेत. नुसते ऐकायला शिकवायचे असेल तर लघुलहरींचा जुना संच, शाळेच्या छपरावर दोन बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली वीस मीटर तार पुरते. सात मेगाहर्ट्झवर सकाळच्या वेळी आपल्या देशातले हौशी लोक अजूनही बोलत असतात. आवाज बदकासारखा आला तर दुसरा एखादा छोटा रेडिओ त्या संचाशेजारी ठेवून त्याचा काटा हळूहळू फिरवून पाहावा; नेमकी जागा सापडली की बदकाचा माणूस होतो. फक्त माग बंद असतील तो दिवस निवडावा.