ऋण काढून ओव्हरकोट

मोपासाँची ‘नेकलेस’ ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात वाचली असेल. १८८४ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात ती आली. कारकुनाची बायको मेजवानीसाठी मैत्रिणीचा हार मागून आणते, तो हरवतो, तसाच दुसरा घेऊन देण्यासाठी नवराबायको दहा वर्षं कर्ज फेडत बसतात, आणि मग कळतं की मूळ हार खोटाच होता. गोष्ट संपली की तात्पर्य ठरलेलं : अंथरूण पाहून पाय पसरावेत!

मला हे तात्पर्य कधीच पुरेसं वाटलं नाही. निवृत्तीनंतर वेळ हाताशी आला तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच कथा-कादंबऱ्या वाचल्या, काही मराठी अनुवादातून, काही डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीतून. एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. या लेखकांना वस्तूंच्या किमती लिहायची फार हौस! राजाराणीच्या गोष्टीत शालूची किंमत कोणी विचारत नाही. इथे मात्र पै-पैचा हिशेब. ‘नेकलेस’मध्येच पाहा ना. मेजवानीचा पोशाख ४०० फ्रँकचा, आणि ते पैसे नवऱ्याने शिकारीची बंदूक घ्यायला साठवलेले. नवा हार ३६,००० फ्रँकचा. खोटा फार तर ५०० चा.

त्याला कारणही आहे. गिरण्यांनी कापड स्वस्त केलं, शहरं वाढली, शेजारी कोण कुठला हे कोणाला ठाऊक नाही. मग माणसाची पत ठरवायची कशावरून? तर अंगावरच्या कोटावरून. १८५२ पासून पॅरिसमध्ये आरिस्तीद बूसिको यांचं ‘बाँ मार्शे’ हे दुकान भरभराटीला आलं. वस्तूंवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, आत नुसतं पाहायला आलात तरी चालेल. अशाच एका दुकानावर झोलाने १८८३ साली अख्खी कादंबरी लिहिली. वरच्या वर्गासारखं दिसणं आता विकत मिळू लागलं होतं. रोख नसेल तर उधारीवर.

पण मला विचार करायला लावला तो गोगोलने. ‘ओव्हरकोट’ ही त्याची कथा १८४२ ची. पीटर्सबर्गच्या कचेरीत नकला करणारा अकाकी अकाकियेविच. पगार वर्षाला ४०० रूबल. जुना कोट इतका विरलेला की शिंपी पेत्रोविच म्हणतो, आता ठिगळही बसणार नाही. नवा शिवायला ८० रूबल, म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा! मग हा गृहस्थ संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून रस्त्याने चवड्यावर चालतो. कॉलरला मार्टेनची फर परवडत नाही, म्हणून मांजराची घेतात. लांबून मार्टेनसारखी दिसते ना, झालं!

कोट येतो त्या दिवशी काय होतं? आजवर त्याच्या डोक्यावर कागदाचे कपटे टाकणारे सहकारी त्याचं अभिनंदन करतात, त्याच्या कोटाच्या नावाने घरी बोलावतात. माणूस तोच, अक्षर तेच. त्याच रात्री कोट चोरीला जातो, दाद मागायला गेला तर एक बडा साहेब खेकसतो, आणि अकाकी तापाने मरतो. आता सांगा, याचे पाय अंथरुणाबाहेर गेले होते का? पीटर्सबर्गच्या थंडीत कोट ही चैन नव्हे. पण ऊब आणि मान एकाच दुकानात, एकाच किमतीला मिळत असतील, तर गरज कुठे संपली आणि हौस कुठे सुरू झाली हे कोण ठरवणार?

डिकन्सला ही दुनिया आतून ठाऊक होती. १८२४ साली त्याच्या वडिलांना कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात टाकलं, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला. त्याच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला (१८६०-६१) पिप लोहाराच्या घरी वाढलेला पोर. कोणा अज्ञाताकडून पैसा मिळणार हे कळताच ट्रॅब शिंप्याची बोलण्याची रीत क्षणात बदलते. पिप लंडनला जाऊन जंटलमन होतो आणि वाढवणाऱ्या जोची त्याला लाज वाटू लागते. पुढे कर्जापायी त्याला पकडायला माणसं येतात. तेव्हा तो तापाने फणफणलेला असतो. जवाहिऱ्याचं बिल १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्स. ते कोण फेडतं? तोच जो, भट्टीपुढे घाम गाळून साठवलेल्या पैशातून, एक शब्दही न बोलता निघून जातो. आणि आधीचा सगळा थाट ज्याच्या पैशावर चालला होता, तो मॅग्विच हा ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखून पैसा केलेला कैदी!

फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ (१८५७) तर याहून कठोर. गावातला कापडाचा व्यापारी एम्माला कधी पैसे मागतच नाही. घ्या हो, सवडीने द्या. मग हुंडी, हुंडीवर दुसरी हुंडी, आणि एक दिवस चोवीस तासांत ८,००० फ्रँक भरा म्हणून नोटीस. एम्मा विष घेते. नवराही खचून मरतो. सगळं विकल्यावर उरतात १२ फ्रँक ७५ सांतीम, त्यात छोट्या बेर्तला आजीकडे पोचवण्याचा खर्च भागतो. आजीही जाते, आणि डॉक्टरची ही मुलगी शेवटी पोटासाठी सूतगिरणीत लागते. आईच्या रेशमाचं बिल पोरीने कापूस पिंजून भरलं. व्यापाऱ्याचं मात्र काहीच बिघडत नाही.

म्हणून मला वाटतं, वर्ग कळतो तो कोणी काय घेतलं यावरून नव्हे, बिल शेवटी कोणाच्या हातात पडलं यावरून. श्रीमंताची उधारी ही त्याची पत, आणि गरिबाची उधारी हा त्याचा दुर्गुण, हा न्याय तेव्हाचाच.

तेव्हाचाच कशाला? मध्यंतरी आपल्याच घरच्या एका कार्यात विषय निघाला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी मुलीसाठी हप्त्यावर चांगला फोन घेतला. “परवडतं का यांना?” असं तीन-चार जण तरी म्हणाले. त्याच जेवणाच्या पंगतीत दोन गाड्यांच्या आणि एका फ्लॅटच्या हप्त्यांची चर्चा मोठ्या कौतुकाने चालली होती! मुलीचे कॉलेजचे तास, नोट्स, नोकरीचे अर्ज सगळं फोनवर. तो नसेल तर ती पोर वर्गात असून नसल्यासारखी. मी तेव्हा बोलले, पण वाढपाच्या गडबडीत ते कोणाला ऐकू गेलं नसावं, म्हणून इथे लिहिते आहे.

हप्ते वाईट असतात हे मलाही मान्य. काळजी वाटते ती ताईंची, कारण दोन हप्ते चुकले तर त्यांच्या मागे कोणी जो गार्जरी उभा नाही. पण काळजी वेगळी आणि नाक मुरडणं वेगळं. गोगोलने त्या मांजराच्या फरीवर आपल्याला हसवलं खरं, पण अकाकीला मात्र आपल्या नजरेतून उतरू दिलं नाही.

‘ओव्हरकोट’ लहानशीच कथा आहे, दोन संध्याकाळी वाचून होईल. जरूर वाचा, आणि काय वाटलं ते कळवा.