नाक दाबून घेतलेला चमचा

गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या पुतण्याने फराळाच्या ताटाशेजारी दोन बाटल्या ठेवल्या; एक माझ्यासाठी, एक माझ्या थोरल्या बहिणीसाठी. आत माणकासारख्या लालभडक गोळ्या. "काका, माशाच्या तेलाच्या त्या पिवळ्या गोळ्या आता सोडा. त्याला पर्याय म्हणून हे क्रिलचे तेल घ्या. मासळीचे ढेकर येत नाहीत!"

ढेकर म्हटल्याबरोबर मी सत्तर वर्षे मागे, गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचलो. रोज सकाळी दादा आमचे नाक चिमटीत धरीत आणि मुशीच्या तेलाचा चमचा घशात रिता करीत. वर गुळाचा खडा मिळे. अक्का मोठी बेरकी! ती आधी गूळ मागे आणि तेल तोंडात तसेच धरून मोरीकडे धावे. (मुशीला कोकणात मोरीही म्हणतात, तेव्हा तेल स्वगृही गेले म्हणायचे.) दादा सांगत, "लढाईपूर्वी खरे कॉडचे तेल मिळे. हे त्याच्या बदली." त्यांच्या स्वरात त्या कॉडविषयी केवढा आदर असे!

या आदराचा इतिहास मी पुढे वाचला. कॉड हा थंड समुद्रातला मासा. नॉर्वेचे कोळी त्याची यकृते पिंपांत भरून ठेवीत. ती सडली की वर काळसर, दुर्गंधी तेल तरंगे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या इस्पितळात ते संधिवातावर दिले जाई. १८५० नंतर पीटर मोलर या नॉर्वेजियन औषधविक्याने ताजी यकृते वाफेवर शिजवून फिकट, स्वच्छ तेल काढले, तेव्हा कुठे ते सभ्य घरांत शिरले. गुण येई, पण तो कशाने येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९१९ च्या सुमारास एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून हे तेल मुडदूस टाळते असे दाखविले. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेच तेल तापवून त्यातून हवा खेळवली. 'अ' जीवनसत्त्व नष्ट झाले, तरी मुडदूस हटलाच! म्हणजे आत आणखी कोणी तरी दडले होते. त्याला नाव मिळाले 'ड'.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर चाल केली आणि तिकडचे तेल अडले. मग आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीची यकृते कढू लागली. या तेलात 'अ' भरपूर, 'ड' मात्र बेताचे. मुडदुसासाठी दिले जाणारे औषध बदलले होते. आमच्या घरी चमचा तोच, माप तेच आणि दादांचा विश्वासही तोच.

आता पुतण्याने नापसंत केलेली माझी पिवळी गोळी. ती दिसायला त्या चमच्याची नात, पण तिचे कूळच वेगळे. १९७० च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक ग्रीनलंडला गेले आणि मासे, सील खाणाऱ्या एस्किमो लोकांचे रक्त तपासून आले. तेव्हापासून ओमेगा-३ हा शब्द जगभर झाला. हे तेल बहुधा यकृताचे नसते, लहान माशांच्या अंगचे असते. दादांचा चमचा हाडांसाठी होता, माझी गोळी काळजासाठी. एकाच नावाखाली औषध बदलले, आजारही बदलला. आम्हांला मात्र वाटे, की दादांचाच वारसा चालवतो आहोत.

आणि क्रिल? आपल्या जवळ्याचा दक्षिण ध्रुवाकडचा भाऊबंद समजा. शास्त्रज्ञ हे नाते नाकारतील, कारण कुळे निराळी. पण परातीत ओतले तर कोळीणसुद्धा क्षणभर फसेल. लांबी फार तर सहा सेंटिमीटर, आणि त्यावर पोसतो तो अजस्र देवमासा! विसाव्या शतकात देवमाशांची बेसुमार कत्तल झाली. मग त्यांचे अन्न शिल्लक राहिले असेल, या हिशेबाने सोव्हिएत जहाजे तिकडे वळली. १९८२ साली पकड पाच लाख टनांवर गेली. पण हा जीव मेला की स्वतःच्याच पाचकरसांनी तासाभरात नासू लागतो. माणसाच्या ताटात तो फारसा रुळला नाही. १९९५-९६ मध्ये आपले 'सागर संपदा' जहाजही त्याच्या शोधात जाऊन आले. पुढे त्याचे तेल निघू लागले. २०२५ साली तर नैर्ऋत्य अटलांटिककडच्या भागात ६,२०,००० टनांची मर्यादा हंगाम सरण्यापूर्वीच गाठली गेली आणि ऑगस्टात पकड थांबवावी लागली. त्यातले पुष्कळसे पाळीव माशांच्या खाद्यात जाते. देवमाशाला मात्र दुसरा पर्याय कोण आणून देणार?

मी त्या लाल गोळ्या तीन महिने घेतल्या. ढेकर खरेच आले नाहीत. यातले स्निग्ध द्रव्य स्फुरदाशी बांधलेले असल्याने पाण्यात मिसळते म्हणतात. ते अंगी अधिक लागते असाही दावा आहे. पण बाटल्यांवरचे आकडे पाहिले, तर पिवळ्या गोळीत ३०० मिलिग्रॅम ओमेगा-३ आणि लाल गोळीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. किंमत मात्र दुपटीहून अधिक. शिवाय २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात अनेक चाचण्यांची बेरीज करून म्हटले आहे, की अशा गोळ्यांनी हृदयविकाराच्या मृत्यूंत फारसा फरक पडत नाही. बाटली संपल्यावर मी दुसरी मागविली नाही.

पण मुख्य गोष्ट पहिल्या रात्रीचीच. पुतण्या गेल्यावर मी भिंग लावून बाटलीवरचा बारीक मजकूर वाचू लागलो, आणि कोलंबी-खेकड्यांसारखे कवचाचे जीव ज्यांना सोसत नाहीत त्यांच्यासाठी दिलेल्या इशाऱ्यावर डोळा अडला. अक्काला चमचाभर जवळ्याची चटणी खाल्ली तरी अंगभर पित्त उठते! एकदा तर ओठ आणि घसा सुजून तिला रात्री इस्पितळात न्यावे लागले होते. पुतण्याला हे कुठून माहीत असणार? रात्रीचे अकरा वाजले होते. थरथरत्या हाताने फोन लावला. घंटा वाजत राहिली. अखेर तिने उचलला.

"अक्का, ती लाल गोळी घेतलीस का?"

"नाही रे," ती झोपेतच म्हणाली, "अजून गूळ कुठे दिलाय कोणी?"